फुकट मिळालं म्हणून ओपन सोर्स होत नाही

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन' उघडा, तिथे कुठेतरी लीगल माहितीत ओपन सोर्स लायसन्सची यादी सापडेल, अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करा, संपत नाही. ती कुणी वाचत नाही (मीही नाही), पण फोन चालतो तो याच कागदपत्रांच्या जिवावर.

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याला फुकट एवढंच ऐकू येतं. व्हॉट्सअॅप फुकटच आहे की, पण ओपन सोर्स नाही. बरं, कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर, नुसता दिसूनही भागत नाही, कुणी गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) कोड टाकला आणि लायसन्सच लावलं नाही तर कॉपीराइट त्याचा, तुम्ही वाचा हवं तेवढं, उचलून आपल्या अॅपमध्ये घालता येत नाही. वापरा, बदला, वाटा, विका सुद्धा, असं लायसन्समध्ये लिहून दिलेलं असेल तरच ते ओपन सोर्स.

यातही प्रकार आहेत. एमआयटी लायसन्स जेमतेम तीन परिच्छेदांचं: माझं नाव आणि ही नोटीस राहू द्या, बाकी काय हवं ते करा, बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) मात्र विरजणासारखं, शेजारून आणलंत ना, मग तुमच्या दह्यातलं कुणाला दिलंत तर पुढे विरजण लावायचा हक्कही द्यायचा. म्हणजे प्रोग्रॅम बदलून दुसऱ्याला दिलात तर सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. घरात स्वतःपुरता बदललात तर कुणी विचारत नाही.

ही अट किती चावते ते २००३ मध्ये लिंक्सिस या राउटर बनवणाऱ्या कंपनीला कळलं. त्यांचा डब्ल्यूआरटी५४जी, तो निळा-काळा दोन अँटेनावाला राउटर, लोकांनी त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, उचकून पाहिलं तर आत लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम! आणि लिनक्स १९९२ पासून जीपीएलखाली. नेटवर्किंगमधल्या सिस्कोने २००३ मध्येच लिंक्सिस सुमारे ५० कोटी डॉलरला घेतलेली, आणि हे घोंगडं गळ्यात. शेवटी कोड बाहेर काढावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं ओपन सोर्स फर्मवेअर सुरू झालं, आणि त्या स्वस्तातल्या डब्यावर महागड्या राउटरची कामं व्हायला लागली.

२००५ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं, मेमरीही कमी केली. मग लोकांना जुनाच हवा म्हटल्यावर लिनक्सवाला वेगळा विकायला काढला, नावापुढे फक्त एक 'एल' जोडून.