पार्श्वभूमी : चढ मोजला, वारा राहिला

ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीच्या पठारावर पोचलं की पवनचक्क्यांची रांग लागते. पाटण तालुक्यात वनकुसवड्याला तशीच, सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावरही तशीच. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, त्याही अगोदर वारा मोजूनच. २०१२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांनी भरून जाऊ लागला. आम्ही धावणाऱ्यांनी मात्र फक्त चढ मोजला. कुठल्या वळणावर दम लागतो, कुठे जरा सपाटी मिळते, हे साताऱ्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. वाऱ्याचं विचारलं तर म्हणतात, "आज वारा लई होता." पुढे काही नाही.

ही स्पर्धा पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते. पश्चिमेकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीची धार ओलांडताना आणखी जोर धरतात, आणि साताऱ्यातल्या समर्थ मंदिरानंतरचा यवतेश्वरचा रस्ता चढतो तोही पश्चिमेकडेच. डोंगराची कड आड असते तोवर काही जाणवत नाही. वळण संपलं की वारा छातीवर येतो. जाताना जे गेलं ते येताना पाठीच्या वाऱ्याने भरून निघेल, असा सगळ्यांचा हिशोब असतो. तो चुकीचा आहे. हवेचा अडथळा अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२ किलोमीटरने धावणाऱ्याला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे शांत हवेतल्या अडथळ्यापेक्षा तीन पट भार जास्तीचा पडतो. तोच वारा पाठीशी आला तर शांत हवेतला एक पट अडथळा तेवढा नाहीसा होतो. तीन गेले, एक आला.

सायकलवाल्यांना हे फार लवकर उमगलं, कारण त्यांचा वेग जास्त. ३० जून १८९९ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी नावाच्या सायकलपटूने रुळांच्या मधे फळ्या अंथरून घेतल्या आणि आगगाडीच्या मागच्या डब्याच्या आडोशाला राहून एक मैल ५७.८ सेकंदांत कापला. पाय त्याचेच होते, फक्त समोरची हवा गाडीने बाजूला सारली होती. पुढे ९० वर्षांनी, १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये, ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशी हात पुढे जुळवून ठेवता येतील असं हँडल वापरलं आणि अख्खी शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. वाऱ्याला अंग कमी दाखवायचं, एवढीच त्यामागची कल्पना.

धावण्याच्या जगात मात्र "आपला वेग तो किती, हवेने काय होणार" हा समज बराच काळ टिकला. तो मोडण्यात १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांचा वाटा मोठा. बंद खोलीत कृत्रिम वारा सोडून त्यांनी धावणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन मोजला. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की दुसऱ्याच्या मागे एक मीटरवर राहिलं तर हवेचा अडथळा जवळजवळ संपतो आणि मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगाला ऑक्सिजनची गरज ६.५ टक्क्यांनी घटते. १९८० मध्ये शरीरशास्त्रज्ञ सी. टी. एम. डेव्हिस यांनी पाठीच्या वाऱ्याचा फायदा समोरच्या वाऱ्याच्या तोट्यापेक्षा कमी असतो हे प्रयोगातून दाखवलं.

मला यात सर्वात जवळची वाटते ती २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन. गारठा, पाऊस आणि समोरून सोसाट्याचा वारा. अमेरिकेची धावपटू डेझिरी लिंडन हिचं मन शर्यत सोडण्याकडे झुकलं होतं. तिने सोबत धावणाऱ्या शालेन फ्लॅनगनला सांगितलं की काही मदत हवी असेल, वारा अडवायचा असेल, तर मी आहे. फ्लॅनगन मधेच स्वच्छतागृहात गेली तेव्हा लिंडन वेग कमी करून थांबली आणि दोघी मिळून पुढच्या घोळक्याला गाठायला निघाल्या. शेवटी लिंडननेच ती शर्यत २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत जिंकली. बोस्टनला एवढ्या संथ वेळेत महिला विजेती ठरण्याची १९७८ नंतरची ही पहिलीच वेळ. सातच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, त्याच रस्त्यावर पाठीच्या वाऱ्यात केनियाचा जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये धावला होता. पण मार्ग एकाच दिशेने जाणारा आणि उताराचा म्हणून तो विश्वविक्रम धरला गेला नाही.

ट्रायथलॉनवाल्यांचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकाच शर्यतीत करणाऱ्यांचं, कोडं आणखी वेगळं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सायकलवर दुसऱ्याच्या मागे लपायला बंदी, त्यामुळे वारा एकट्यानेच झेलायचा. हवाईच्या कोना इथल्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये आडवा वारा इतका असतो की तिथे डिस्क चाकं चालत नाहीत. भरीव चाक म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. ढालगावच्या माळावर सायकल चालवणाऱ्याने पुढचं चाक उथळ कडेचं, म्हणजे कमी उंचीच्या रिमचं, ठेवावं ते याचसाठी.

वाऱ्याची समज आपल्याकडे नव्हती असं नाही. जावळी-पाटणकडे भात लावणाऱ्या बायका इरलं पाठीवर घेऊन वाकतात, तेव्हा पावसाच्या झडीकडे पाठ करतात. हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. शर्यतीच्या तयारीत मात्र ही समज आली नाही, कारण तयारीचं कोष्टक बाहेरून आलं आणि त्यात किलोमीटरमागे किती मिनिटं एवढाच रकाना होता. समोर वारा असताना घड्याळातला वेग धरून ठेवणारा घाटाच्या माथ्यावरच रिकामा होतो. तिथे श्वास आणि नाडी पाहून वेग ठरवावा, वेळ जाऊ द्यावी. फडफडणारं जाकीट घरी ठेवावं. सरावाला निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि पाठीच्या वाऱ्याने परतावं, म्हणजे घामाने भिजलेलं अंग धुक्यात गारठत नाही.

गेल्या दोन पावसाळ्यांपासून आम्ही चौघं यवतेश्वरला एका ओळीत चढतो. प्यू यांचं एक मीटर तंतोतंत जमत नाही, दीड-दोन होतंच. घाटात आमचा वेगही त्यांच्या प्रयोगातल्यापेक्षा खूप कमी, त्यामुळे फायदाही तेवढा नाही. पण वाऱ्याच्या दिवशी तो पायांना कळतो. प्रत्येक उघड्या वळणानंतर पुढचा बाजूला होतो, मागचे तिघे पुढे निघून जातात आणि तो शेवटी लागतो.