रिपोर्टवर ‘फ्लटर’ लिहून आलंय? डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं वाचा

होल्टर, म्हणजे अंगावर लावून हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, परत द्यायला किंवा ईसीजीची पट्टी न्यायला आलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो : “सिरियस नाही ना काही?” आम्ही पट्टी काढणारी माणसं. रिपोर्टवर सही हृदयरोगतज्ज्ञांची, आणि औषधही तेच ठरवणार. पण पट्टी हातात पडल्यापासून डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत चार-आठ दिवस जातात. तेवढ्यात शेजारचे, व्याही आणि मोबाइल मिळून नाही नाही ते सांगून ठेवतात. फ्लटर हा हृदयाच्या तालाचा एक बिघाड आहे, आणि हे पत्रक त्या मधल्या दिवसांसाठी आहे. कुठल्या हॉस्पिटलात जा, हे आम्ही सांगत नाही, तेव्हा तेवढं विचारू नका.

पट्टीवर नेमकं काय दिसलं

शाळेत शिकलेलं आठवा : वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. उजव्या कर्णिकेच्या वरच्या टोकाला विजेची ठिणगी पडते, ती खाली उतरते आणि हृदय आकुंचन पावतं. स्वस्थ बसलेल्या माणसात हे मिनिटाला ६० ते १०० वेळा होतं.

फ्लटरमध्ये ही वीज खाली उतरून संपत नाही. उजव्या कर्णिकेत, झडपेभोवती, घाण्याच्या बैलासारखी एकाच रिंगणात फिरत राहते. मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या. पट्टीवर त्या करवतीच्या दात्यांसारख्या ओळीने उमटतात. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये विजेची एक चौकी असते. ती सगळ्या ३०० ठिणग्या खाली जाऊ देत नाही, बहुधा दोनातली एक सोडते. म्हणून फ्लटरच्या माणसाची नाडी पुष्कळदा १५० च्या आसपास खिळलेली सापडते. बसला तरी तेवढीच, चालला तरी तेवढीच. चौकीने चारातली एकच सोडली तर नाडी ७५ भरते आणि माणूस म्हणतो, मला तर काहीच होत नाही. अशांची गाठ पट्टीशी पडते ती बहुतेक वेळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत.

तालाचा दुसरा बिघाड म्हणजे फिब्रिलेशन. त्याला डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात. ते वेगळं. तिथे एक बैल आणि एक रिंगण नसतं. आठवडी बाजारात सगळे एकदम ओरडावेत तशी कर्णिकेत जागोजागी वीज उसळते. नाडी हाताला लागते, पण दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं. एकाच माणसाला आज फ्लटर आणि पुढच्या महिन्यात फिब्रिलेशन, असंही पुष्कळ होतं. नाव कळणं महत्त्वाचं, कारण पुढचा एक उपचार फ्लटरमध्ये फार चांगला लागू पडतो. त्याकडे येऊच.

कारणं नेहमीचीच : ब्लडप्रेशर, मधुमेह, वाढलेलं वजन, थायरॉइड, दारू, झोपेत घोरताना श्वास अडकणं, आधी झालेलं हृदयाचं ऑपरेशन. आपल्याकडे आणखी एक आहे. लहानपणी सांधे सुजून आलेला ताप, म्हणजे संधिवाताचा ताप, आणि त्याने खराब झालेली झडप. असं काही आठवत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. त्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीची निवड बदलते.

आधी गुठळी, मग धडधड

या पत्रकातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

माणूस येतो धडधडीची तक्रार घेऊन, आणि मोठा धोका धडधडीत नसतो. कर्णिका नीट पिळली जात नाही, तेव्हा रक्त तिथे रेंगाळतं. डाव्या कर्णिकेला अंगठ्याएवढी एक पिशवी लोंबते, तिच्यात तर जास्तच. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट धरतात. फ्लटरसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय एएफसारखाच घेतात.

म्हणून डॉक्टर आधी गुण मोजतात. हृदय कमकुवत असेल तर १, ब्लडप्रेशर १, मधुमेह १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, पंचाहत्तरी ओलांडली की २, आणि आधी पक्षाघात झाला असेल तर २. स्त्री असण्याचा एक गुण पूर्वी धरत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तो काढला आहे. दोन किंवा अधिक गुण भरले की रक्त पातळ करणारी गोळी द्यावी, अशी शिफारस असते. एक भरला तर डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतात. या मोजणीत ‘धडधड किती होते’ याला एकही गुण नाही, हे लक्षात घ्या. धडधड न होणाऱ्याचीही गुठळी तेवढीच घातक.

गोळ्या दोन जातीच्या. जुन्या म्हणजे वॉरफरिन आणि ॲसेनोकुमारॉल. स्वस्त आहेत, पण वारंवार रक्त तपासून ‘आयएनआर’ नावाचा आकडा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पालक, मेथी, शेपू, अळू यांतल्या जीवनसत्त्व ‘के’मुळे या गोळीचा जोर कमी होतो. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. श्रावणात रोज अळूचं फदफदं आणि नवरात्रात नऊ दिवस पालेभाजी नाही, असं केलं तर आकडा हलणारच.

नव्या गोळ्या म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅन, एडोक्साबॅन. यांना आयएनआर लागत नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. रिव्हारॉक्साबॅनची रोजची मोठी गोळी भरल्या पोटी घ्यायची असते. एकादशीला फक्त पाणी पिऊन ती घेतली तर पुरती लागू पडत नाही. रताळ्या-साबुदाण्याचा का होईना, नीट फराळ करून घ्या. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवू नका आणि वेष्टनातून काढून गोळ्यांच्या रोजच्या डबीत भरू नका, ती दमट हवेत खराब होते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना, किंवा संधिवाताच्या तापाने झडप बऱ्यापैकी अरुंद झालेल्यांना, या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांच्यासाठी जुनीच गोळी आणि तोच आयएनआर.

आमच्या काउंटरवर दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. पहिलं : “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, ॲस्पिरिन.” ॲस्पिरिन हे या आजारातल्या गुठळीवरचं औषध नव्हे, ती या गोळीची जागा घेत नाही. दुसरं : “दोन महिने धडधड नाही, म्हणून बंद केली.” ताल जागेवर आहे की नाही, हे छातीला नेहमी कळतं असं नाही. होल्टरवर आम्ही ताल बिघडल्याचे मध्यरात्रीचे तासभराचे झटके पाहतो. त्या वेळी माणूस गाढ झोपेत असतो आणि सकाळी डायरीत लिहितो, ‘रात्र उत्तम’. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना सांगा, गोळी स्वतःहून थांबवू नका. आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेण्याची सवय सोडा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्या पोटात रक्तस्राव करू शकतात.

वेग आवरणं

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, कधी डिगॉक्सिन. ही औषधं ताल दुरुस्त करत नाहीत, चौकी कडक करतात. कर्णिकेत रिंगण चालूच राहतं, पण खाली कमी ठिणग्या पोचतात. धाप कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. बऱ्याच वयस्क एएफ रुग्णांचं एवढ्यावर छान भागतं. फ्लटर मात्र हट्टी असतो, त्याचा वेग गोळ्यांना सहसा सहजी दाद देत नाही.

ताल परत आणणं

इथे तीन वाटा आहेत. गोळ्या, शॉक आणि ॲब्लेशन.

गोळ्यांत अमिओडॅरोन सगळ्यात ताकदीची. तिच्या वजनाचा तिसऱ्या भागाहून जास्त हिस्सा आयोडीनचा असतो, म्हणून थायरॉइडची आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. नवा खोकला किंवा धाप लागली तर फुप्फुसही पाहावं लागतं. सोबत वॉरफरिन असेल तर आयएनआर चढतो. फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन दिली असेल तर सोबत बहुधा वेग आवरणारी गोळीही लिहिलेली असते. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. ही औषधं रिंगणातला बैल हळू करतात, ३०० वरून समजा २०० वर. मग चौकीला वाटतं, एवढ्या तर सोडता येतील, आणि ती सगळ्याच खाली सोडते. नाडी १५० ची २०० होते. म्हणून जोडीतली ‘बीपीची साधी गोळी’ समजून दुसरी परस्पर बंद करू नका. हृदयाच्या धमन्यांत अडथळा असलेल्यांना या दोन गोळ्या देत नाहीत.

शॉक म्हटलं की घरचे घाबरतात. सिनेमात दाखवतात तो मेलेल्याला उठवण्याचा प्रकार इथे नाही. ठरवून, रिकाम्या पोटी बोलावतात, पाच-दहा मिनिटांची झोप देतात, ठोक्याच्या नेमक्या क्षणाशी जुळवून विजेचा एक झटका देतात. फ्लटरला तो थोडाही पुरतो. जागं झाल्यावर छातीची कातडी जरा चुरचुरते. ताल बिघडून किती काळ झाला हे नक्की नसेल, तर आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकवता घ्यावी लागते, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी घालून गुठळी नाही याची खात्री करतात. नंतर किमान चार आठवडे गोळी चालूच. एक दिवस चुकला असेल तर तो लपवू नका, तारीख पुढे ढकलली तरी परवडते.

आता ॲब्लेशन. फ्लटरचा बैल नेहमीच्या प्रकारात एका अरुंद पट्ट्यातून जातो. एका बाजूला तीन पाकळ्यांची झडप, दुसऱ्या बाजूला खालून येणारी मोठी शीर, आणि मधे ही पायवाट. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात आणि या पायवाटेवर उष्णतेने एक आडवा बांध घालतात. वाट बंद, रिंगण बंद. छाती उघडत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस बहुधा घरी येतो, काही दिवस जड उचलायचं नाही एवढंच. नेहमीच्या फ्लटरमध्ये शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना यश येतं. म्हणून आमचं प्रामाणिक मत असं : रिपोर्टवर ‘टिपिकल फ्लटर’ लिहिलेलं असेल, तर वर्षानुवर्षं गोळ्या बदलत बसण्याआधी डॉक्टरांना ॲब्लेशनबद्दल स्पष्ट विचारा. ते ‘शेवटचा उपाय’ म्हणून मागे ठेवायचं काही कारण नाही. हे काम करणाऱ्या तज्ज्ञांना इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात. ते मोठ्या शहरांतच भेटतात, तेव्हा प्रवासाचा हिशेब धरा. सरकारी योजनेत तुमची प्रक्रिया बसते का, हे त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारून घ्या.

एएफचं ॲब्लेशन एवढं सोपं नाही. फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बरेचदा ही गडबड सुरू होते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून त्या चारही शिरांभोवती कुंपण घालतात. उष्णतेने, थंडीने, किंवा अलीकडे विजेच्या अगदी क्षणिक धक्क्यांनी. यश फ्लटरपेक्षा कमी, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून ‘फेल गेलं’ असं ठरवत नाहीत. एएफ जितकं जुनं तितकं हट्टी. धोके दोन्हींत आहेत. जांघेत रक्त साकळणं हा सगळ्यात नेहमीचा. हृदयाभोवती रक्त साचणं किंवा पक्षाघात हे क्वचित, पण सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं ते वाचा.

फ्लटर बरा झालेल्या बऱ्याच जणांना पुढे एएफ होतं. म्हणून ॲब्लेशननंतरही डॉक्टर होल्टर लिहून देतात, आणि गुण जास्त असतील तर रक्त पातळ करणारी गोळी चालूच ठेवतात. ‘ऑपरेशन झालं, आता गोळी कशाला’ हा वाद आमच्या काउंटरवर नको, तिथेच विचारा.

रक्तस्रावामुळे गोळी घेताच येत नसेल, तर कर्णिकेची ती पिशवी आतून बंद करणारं उपकरण बसवता येतं. वेग कशानेच आवरत नसेल, तर पेसमेकर बसवून चौकी कायमची बंद करतात. या दोन्ही गोष्टी थोड्यांच्याच वाट्याला येतात.

घरी काय कराल

वजन उतरवलं, दारू सोडली, घोरण्याची तपासणी करून घेतली, तर झटके खरोखर कमी होतात. हे गोळ्यांइतकं गंभीरपणे घ्या. अर्जुनसालीचा काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, कुणी रागावत नाही.

नाडी अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, अनियमित तालात तो हिशेब चुकतो. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ एएफ पकडायला बरं, पण ते अनियमितपणा शोधतं. फ्लटर नियमित असला की घड्याळ गप्प बसू शकतं.

तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोबडी वळणं, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, काळी शौच किंवा न थांबणारं रक्त : यांत आमच्याकडे येऊ नका, पट्टी नंतर. १०८ ला फोन करा आणि पक्षाघाताची लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळात पाहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, तेही सांगा.

होल्टर लावून नेताना

मशीन लावलंय म्हणून दिवसभर पडून राहू नका. नॉर्मन होल्टर यांचं मूळचं यंत्र पाठीवर घ्यायचं आणि सुमारे ३८ किलोचं होतं, आता ते खिशात मावतं. जिने चढा, शेतावर जा, भांडायचं असेल तर भांडा. तेच तर पाहायचं आहे. फक्त आंघोळ नको. धडधड, चक्कर, धाप यांची वेळ डायरीत लिहा. ‘दुपारी’ असं नको, ‘२ वाजून १० मिनिटांनी’ असं लिहा.

आणि जुन्या पट्ट्या टाकू नका. झटका चालू असतानाची एक पट्टी नंतरच्या दहा नॉर्मल पट्ट्यांपेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाची असते. हा कागद उष्णतेने उमटणारा असतो, देव्हाऱ्याशेजारच्या फाइलीत वर्षभरात कोरा होतो. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढून घ्या. आमच्याकडे काढली तर पैसे घेत नाही.