भाजलेल्या चेहऱ्यावर नळी बांधायची कुठे?

सयाजीरावांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या बडोद्याच्या कलाभवनात आजही इंजिनीअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. त्यांच्यासाठी हा एक विषय: चेहरा भाजलेल्या रुग्णाची श्वासाची नळी जागेवर धरून ठेवणारी वस्तू. सयाजी हॉस्पिटल तिथून काही लांब नाही.

आगीत चेहरा भाजलेला माणूस बरेचदा बोलत असतो, तरी डॉक्टर त्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची घाई करतात. आवाज घोगरा, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, म्हणजे घसाही भाजलाय. तो पुढचा दीड-दोन दिवस सुजत जाणार. आज सहज गेलेली नळी उद्या निसटली, तर पुन्हा जाईलच असं नाही.

एरवी ती गालाला चिकटपट्टीने बसवतात. भाजलेल्या गालातून पाणी झिरपतं, वर मलम. पट्टी धरतच नाही. मग सुती नाडी डोक्यामागून बांधायची. सकाळी बेताची असलेली नाडी संध्याकाळी सुजलेल्या गालात रुतते, ओठांचे कोपरे कापते, भाजलेल्या कानाची कूर्चा दाबते. सैल करावी, तर नळी हलते.

आणि हलायला जागा फार थोडी. मोठ्या माणसाची श्वासनलिका 10 ते 12 सेंटिमीटर. ती जिथे दोन फुप्फुसांकडे दुभागते, त्या जागेच्या 3 ते 5 सेंटिमीटर वर नळीचं टोक हवं. नुसत्या मान हलवण्याने ते सुमारे 2 सेंटिमीटर सरकतं. खाली गेलं की हवा एकाच, बहुधा उजव्या फुप्फुसात.

चेहऱ्यावर न सुजणारी एकच गोष्ट आहे: दात. म्हणून काही सर्जन नळी बारीक स्टीलच्या तारेने वरच्या दातांना बांधतात (खालचा जबडा हलतो), किंवा वरच्या जबड्यात छोटे स्क्रू बसवतात. गाल मोकळे राहतात, ड्रेसिंग बदलता येतं. फक्त तार कापायची पक्कड उशाशी लागते.

माझ्या मते डिझाइनचा खरा कस लागतो तो इथे, सोडण्यात. रुग्णाने गुंगीत ओढली तर नळी सुटू नये; तीच कफाने तुंबली, तर मलमाने निसरड्या ग्लोव्ह्जमधल्या हाताने नर्सला ती झटक्यात सोडवता यावी. शिवाय तोंड साफ करायला जागा हवी, आणि वस्तू निर्जंतुक करताना 121 अंशांच्या वाफेत टिकावी, नाहीतर फेकून देण्याइतकी स्वस्त तरी असावी.

दातच नसलेले आजोबा किंवा तान्हं मूल असेल, तर नाकाच्या पडद्यामागून मऊ फीत ओवून तिला नळी बांधता येते. नाकही भाजलेलं असलं, तर तोही आधार जातो.