ठिपका दिसतो, उंची दिसत नाही

१२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. दिल्लीच्या अ‍ॅप्रोच कंट्रोलरसमोर, म्हणजे विमानतळाजवळच्या विमानांना वाट दाखवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, रडारच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते. एक नुकतंच उडालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७, दुसरं शिमकेंतहून येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. मधलं अंतर हजार फूट, नियमाला पुरेसं. अशा वेळी ठिपके एकमेकांवरून गेले तरी बिघडत नाही, एक वरून जातं, दुसरं खालून. पण कोण वर, कोण खाली, हे त्या पडद्यावर उमटतच नव्हतं.

कारण तिथलं रडार प्रायमरी. त्याची लहर विमानाच्या पत्र्यावर आपटून परत येते. त्यावरून दिशा कळते, अंतर कळतं, एवढंच. उंची वैमानिकाला विचारायची, कागदी पट्टीवर लिहायची आणि त्याच्या शब्दावर भिस्त ठेवायची.

यावरचा उपाय मात्र जुना होता. दुसऱ्या महायुद्धात ठिपका आपला की शत्रूचा हे ओळखायला विमानातच उत्तर देणारं यंत्र बसवू लागले. त्यातूनच पुढे ट्रान्सपॉन्डर आला. जमिनीवरचं सेकंडरी रडार विचारतं आणि ट्रान्सपॉन्डर चार आकडी कोड व उंची कळवतो. मग ठिपक्याशेजारी विमानाचं नाव आणि शेकडा फुटांतली उंची उमटते : १४० म्हणजे १४ हजार. दिल्लीत हे रडार बसवण्याचं काम चालू होतं, पण ते अजून वापरात आलं नव्हतं. आलं असतं, तर १५०चा १४५ आणि पुढे १४० होताना कंट्रोलरला दिसला असता.

कझाक विमान १५ हजारांवर न थांबता खाली येत राहिलं. रेडिओवर बोलणारा एक, विमान चालवणारा दुसरा. बोलणाऱ्यापुढे उंची दाखवणारा स्वतंत्र काटाही नव्हता. समोरून बोइंग येतंय, ही सूचना कंट्रोलरनं दिली होती. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ जण, गेले.

तेव्हा दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं एकाच हवाई वाटेनं ये-जा करत, कारण आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. अपघातानंतर दोन वाटा वेगळ्या झाल्या. भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांत टक्करविरोधी यंत्रही सक्तीचं झालं. ते समोरच्या ट्रान्सपॉन्डरला स्वतःच विचारतं आणि एका वैमानिकाला ‘चढा’, दुसऱ्याला ‘उतरा’ सांगतं. त्यासाठी जमिनीवरच्या रडारची गरज लागत नाही.