जुने चांदीचे चमचे मोडीत घालायच्या आधी एकदा हे वाचा

गणपतीला चाकरमानी आले की माळ्यावरच्या पेट्या उघडतात आणि विसर्जन झालं की आमच्या दुकानात गर्दी, कुणाकडे तीर्थाची पळी, कुणाकडे बाळाचं बोंडलं, कुणाकडे आजोबा बोटीवर किंवा मुंबईत साहेबाकडे कामाला होते तेव्हाचे काळे पडलेले चार-पाच चमचे. प्रश्न ठरलेला, "मोडीत काय येईल?" आमचं म्हणणं एवढंच की आधी चमचा उलटा करून बघा, मोडीचं नंतर बोलू. आणि कृपा करून घासून आणू नका!!

इंग्लंडचा चमचा असेल तर दांड्याच्या मागे बारीक ठसे ओळीने असतात. पाय उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. त्याच्या सोबत गावाची खूण, बिबट्याचं तोंड लंडनचं, मुकुट शेफील्डचा, नांगर बर्मिंगहॅमचा. हा नांगर बघितला की आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना वाटतं हा बोटीवरचाच माल, पण बर्मिंगहॅमला समुद्रच नाही! 1773 मध्ये तिथे चांदी तपासायचं ऑफिस सुरू झालं तेव्हापासूनचा तो ठसा. शेजारचं एकटं अक्षर सालाचं, ते दरवर्षी बदलायचं, तर अक्षराची ढब आणि चौकटीचा आकार बघून साल काढता येतं, फक्त त्या-त्या गावाचा तक्ता समोर हवा. राजाराणीचं डोकं असेल तर चमचा बहुतेक 1784 ते 1890 मधला, ती कर भरल्याची खूण, त्यामुळे "राणीछाप आहे, जास्त द्या" असं म्हणून उपयोग नाही. अजून एक, ठसे वाटीजवळच्या बारीक भागात असतील तर चमचा बहुतेक 1780 च्या आधीचा, नंतर ते दांड्याच्या टोकाकडे मारायला लागले. असा निघाला तर खरंच जपून ठेवा.

आता निराशेची बाजू. ई, पी, एन, एस अशी अक्षरं वेगवेगळ्या चौकटीत असतील तर ती चांदी नाही, तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणावर चांदीचा मुलामा आहे. एल्किंग्टन कंपनीने 1840 मध्ये विजेने मुलामा द्यायचं पेटंट घेतलं आणि मग असला माल ढिगाने निघाला, चौकटी मुद्दाम हॉलमार्कसारख्या दिसतील अशा. बोटीवरून आलेले चमचे आमच्याकडे बहुतेक हेच निघतात. लोहचुंबक लावून बघितला, चिकटला नाही म्हणजे चांदी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, हे मिश्रणही चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर तेच, नावातच सिल्व्हर आहे फक्त. मोडीत काही येणार नाही, पण वापरायला छान, शिरा-पोह्याला काढा बिनधास्त.

आपल्याकडे बनलेल्या चांदीचं गणित वेगळं. इंग्रजांच्या काळात कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर या चांदीकामाच्या पेढ्यांचे स्वतःचे ठसे होते, भुजच्या उमरसी मावजींचं नक्षीकाम तर जगभरचे लोक गोळा करतात (आणि म्हणूनच त्यांच्या ठशाचा नकली मालही फिरतो). घरातल्या पळीवर बहुतेक काहीच ठसा नसतो, तिथे मशीनवर कस बघणं हाच मार्ग.

फसवाफसवी जुनीच आहे. साधा जुना चमचा घेऊन त्यावर नंतर फळांची नक्षी ठोकायची आणि महाग विकायचा, हे व्हिक्टोरियाच्या काळात सर्रास चालायचं, ठसे खरे पण नक्षी नंतरची. जुने काटे कमी मिळतात म्हणून चमच्याची वाटी कापून काटा केलेलेही सापडतात. नावाची अक्षरं घासून काढली असतील तर दांड्यावर तोंडाची वाफ सोडा, पुसलेल्या खुणा पुष्कळदा दिसतात, शिवाय तिथे बोटाला पातळ लागतं. वाटीचं टोक डाव्या बाजूला झिजलेलं असेल तर घाबरू नका, वर्षानुवर्षं उजव्या हाताने खाल्ल्यावर तसंच होतं, पण फार झिजला असेल तर किंमत पडते हे खरं.

घासू नका का म्हणतो ते सांगतो. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचं झालेलं संयुग, आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा त्यात भर घालते आणि खारी हवा मिश्रणातल्या तांब्याला हिरवं करते. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी घासलं की काळ्याबरोबर चांदीही जाते आणि ठशांच्या कडा बोथट होतात, मग साल कसं ओळखणार? फॉइल आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी साध्या चमच्याला चालतं, पण नक्षीत मुद्दाम ठेवलेला काळा रंगही त्यात निघून जातो, आणि पोकळ दांड्याच्या सुऱ्या तर त्यात बुडवूच नका. रोजच्या वापरातला चमचा साध्या साबणाने धुवून लगेच कोरडा केला की झालं. खारट चटणीत, अंड्यात ठेवून देऊ नका.

ठेवताना रबरबँड लावायचा नाही, लोकरीत गुंडाळायचं नाही. मऊ सुती कापड, झिपची पिशवी, सोबत सिलिका जेलची पुडी, नाहीतर डब्यात खडू. हे सगळं मे महिन्यात करून टाका, जूनमध्ये पिशवी बंद केली तर दमटपणाच आत कोंडला जातो.

नव्याने जमवायला सुरुवात करणार असाल तर दिसेल ते घेऊ नका, एकच प्रकार धरा. चहाच्या डब्यातले छोटे चमचे आम्हाला आवडतात, जुन्या काळी चहाच्या पेटीत शिंपला ठेवायचे म्हणून त्यातले बरेच शिंपल्याच्या आकाराचे.

कायद्याचं एक. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो, धंदा करायला परवाना हवा आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा दुबईच्या भाच्याच्या बॅगेत टाकायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. आमच्याकडे तो परवाना नाही म्हणून एवढे जुने चमचे आम्ही विकत घेत नाही, विकतही नाही. ठसे वाचून देतो, कस बघतो, वाकलेला दांडा सरळ करतो, साफ करतो. ठसे बघायचे पैसे नाहीत, दुपारी दुकान बंद असतं तेवढं बघून या.