विमान-अवकाशाची जुनी पुस्तकं : कोणती दुर्मीळ, आणि का

चार्ल्स लिंडबर्गने मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून एकट्याने पॅरिस गाठलं आणि दोनच महिन्यांत पटनम या प्रकाशनाने त्याचं ‘वुई’ हे पुस्तक बाजारात आणलं. ते लाखांनी खपलं. त्यामुळे शंभरीला टेकलेलं हे पुस्तक आजही फारशी शोधाशोध न करता मिळतं. महाग आहे ती त्याच वर्षी निघालेली, लिंडबर्गच्या सहीची १,००० प्रतींची मर्यादित आवृत्ती. याउलट अग्निबाणांचे प्रयोग करणाऱ्या अमेरिकन रॉबर्ट गॉडर्डचा ‘अ मेथड ऑफ रीचिंग एक्स्ट्रीम अल्टिट्यूड्स’ हा ६९ पानांचा निबंध. स्मिथसोनियन संस्थेने कागदी वेष्टनात त्याच्या फक्त १,७५० प्रती काढल्या. त्यावर साल १९१९ आहे, गवगवा झाला जानेवारी १९२० मध्ये. निर्वात पोकळीत हवाच नाही, मग अग्निबाण कशाला रेटून पुढे जाणार, म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून गॉडर्डची खिल्ली उडवली आणि १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ वाटेत असताना, चूक कबूल केली. मूळ पुस्तिका मात्र पातळ, बिनपुठ्ठ्याची. हाताळता हाताळता तिचं वेष्टन आधी जातं, मग कणा.

या क्षेत्रात वयावरून दुर्मीळपणा ठरत नाही. वस्तू कोणासाठी छापली, किती छापली आणि काम संपल्यावर तिचं काय झालं, हे आधी विचारायचं. मिरवायला घेतलेली पुस्तकं टिकली, कामाला लावलेली संपली.

संग्रहाची परंपरा विमानाहून जुनी आहे. मॉन्गॉल्फिए बंधूंचं बलून १७८३ मध्ये उडालं आणि त्याच वर्षी फोझा द सँ-फों यांनी त्या प्रयोगांवर पहिलं भरीव पुस्तक पॅरिसमध्ये काढलं. आत नऊ ताम्रपट-चित्रं आहेत, असं नामपृष्ठावरच नमूद आहे. ही चित्रं कापून चौकटीत घालून विकण्याचा धंदा पुढे जोरात चालला. म्हणून अशा पुस्तकाची पानं मोजण्याआधी चित्रं मोजावीत. चित्र गेलेल्या जागी शिवणीलगत कागदाची अरुंद पट्टी उरते, ती बोटाला लागते. १८७० च्या प्रशियन वेढ्यात पॅरिसमधून बलूनने बाहेर पडलेल्या गास्तों तिसांदिएने १८८७ मध्ये या विषयाची ग्रंथसूची छापली. १९१० मध्ये स्मिथसोनियनच्या पॉल ब्रॉकेटने १३,०००हून अधिक नोंदींची सूची काढली. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. जुन्या पुस्तकाचं नेमकं शीर्षक आणि साल पडताळायला ब्रॉकेट आजही लागतो.

अग्निबाणांच्या बाबतीत सुरुवातीची सामग्री आणखी विखुरलेली आहे. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्कीचा अग्निबाणांवरचा १९०३ चा पायाभूत लेख एका रशियन मासिकात आला. हर्मान ओबर्थचा अग्निबाणांवरचा डॉक्टरेटचा प्रबंध नाकारला गेला आणि १९२३ मध्ये म्युनिकच्या ओल्डेनबुर्गने त्याचं ९२ पानांचं पुस्तक काढलं. त्याच प्रकाशकाने १९२५ मध्ये वाल्टर होमानचं, एका ग्रहाच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत कमी इंधनात कसं जायचं हे सांगणारं पुस्तक छापलं. जर्मन येत नसेल तर नासाची इंग्रजी भाषांतरं शोधावीत: होमानसाठी टीटी एफ-४४ (१९६०), ओबर्थच्या १९२९ च्या विस्तारित ग्रंथासाठी टीटी एफ-६२२ (१९७२). विक्रेत्याकडे शीर्षकाऐवजी हे क्रमांक टाकून शोधलं की सापडण्याची शक्यता वाढते, कारण नोंदीत शीर्षक हमखास चुकीचं लिहिलेलं असतं. गॉडर्डची मूळ पुस्तिका परवडत नसेल तर अमेरिकन रॉकेट सोसायटीने १९४६ मध्ये त्याचे १९१९ आणि १९३६ चे दोन्ही निबंध ‘रॉकेट्स’ या नावाने एकत्र छापले. वाचायला तेच सोयीचं.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘पायलट्स नोट्स’, म्हणजे विमान कसं चालवायचं हे वैमानिकाला सांगणाऱ्या पुस्तिका, ही कामाच्या कागदाची सर्वांत चांगली शाळा आहे. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पुस्तिका ए.पी. १५६५ या क्रमांकाखाली, प्रकारानुसार पुढे अक्षर लावून निघाल्या. सुधारणा आली की छापील कपटा कापून जुन्या ओळीवर डिंकाने चिकटवायचा आणि सुधारणांच्या तक्त्यात नोंद करायची. नवी आवृत्ती आली की जुनी रद्द. पुढे यांची भरपूर पुनर्मुद्रणं झाली आणि तीच कित्येकदा मूळ म्हणून विकली जातात. पान तिरपं धरून उजेडात पाहावं आणि कपट्यावरून नख फिरवावं. खऱ्या प्रतीत कड लागते, पुनर्मुद्रणात कपट्याची नुसती सावली छापलेली असते. टाचण्यांभोवती गंजाचा डागही बघावा.

युद्धानंतर संग्राहकांसाठीच पुस्तकं निघू लागली. पटनमच्या ब्रिटिश मालिकेत १९५७ मध्ये ओवेन थेटफर्डचं रॉयल एअर फोर्सच्या विमानांवरचं आणि जे. एम. ब्रूसचं पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांवरचं पुस्तक आलं. थेटफर्डच्या सुधारित आवृत्त्यांत मजकूर वाढत गेला, म्हणून अभ्यासासाठी शेवटची आवृत्ती घ्यावी आणि संग्रहासाठी पहिली. १९६५ पासूनच्या, एकेका विमानावरच्या ‘प्रोफाइल’ पुस्तिका सुट्या निघाल्या, त्यामुळे पूर्ण संच जमवायला चिकाटी लागते. फ्रेड जेनच्या जगभरच्या विमानांवरच्या १९०९ च्या वार्षिकाचं डेव्हिड अँड चार्ल्सने १९६९ मध्ये पुनर्मुद्रण केलं. ‘१९०९’ एवढंच लिहिलेली स्वस्त प्रत बहुधा तीच असते.

नासाच्या इतिहासमालिकेची गोष्ट वेगळी. मर्क्युरी या पहिल्या समानव मोहिमेवरचं एसपी-४२०१ (१९६६), अपोलो यानावरचं एसपी-४२०५ (१९७९), सॅटर्न अग्निबाणांवरचं एसपी-४२०६ (१९८०) ही सरकारी प्रकाशनं, त्यामुळे स्वामित्वहक्क नाही. कोणीही स्कॅन करून मागणीनुसार छापतं. अशा प्रतीत छायाचित्रं काळपट येतात, घडीची पानं अर्धवट दिसतात आणि शेवटच्या पानावर छपाईचा बारकोड असतो. विक्रेत्याकडून नामपृष्ठामागच्या पानाचा फोटो मागवावा. त्यावर ‘गव्हर्न्मेंट प्रिंटिंग ऑफिस’ नसेल तर सोडून द्यावं. अपोलो ११ ची पत्रकारांना दिलेली माहितीपुस्तिका, क्रमांक ६९-८३के, हीसुद्धा फेकण्यासाठीच छापलेली. तिची पुढची-मागची पानं टाचणीपाशी आधी सुटतात, म्हणून पानांचे क्रमांक सलग आहेत का ते तपासावं.

अमेरिकी पुस्तकांत साधारण १९७० नंतर नामपृष्ठामागच्या पानावर आकड्यांची ओळ दिसते. तीत १ असेल तर पहिली छपाई. रँडम हाउसचं तंत्र बरीच वर्षं निराळं होतं: तिथे ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ, मिळून पहिली छपाई. बुक क्लबने सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या प्रतीत जॅकेटवर किंमत नसते आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात अनेकदा दाबून उमटवलेली एक छोटी खूण असते. सोव्हिएत काळातल्या रशियन पुस्तकांत तर शेवटी छपाईची तारीख आणि प्रतींची संख्याच दिलेली सापडते. ही फार मोठी सोय आहे. सोव्हिएत पुस्तकं मुंबईत लोकवाङ्मय गृहामुळे अनेक घरांत पोचली, आणि रद्दीतून ती अजून वर येतात.

अंतराळवीरांच्या सह्यांबाबत एकच कसोटी धरावी. १९६० च्या दशकात नासा पत्रांना उत्तर देताना सह्यांसाठी यंत्र वापरत असे. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर यंत्र. नील आर्मस्ट्राँगने १९९४ पासून सह्या देणं थांबवलं. त्यानंतरच्या पुस्तकावर त्याची सही दिसली तर लगेच शंका घ्यावी.

आपल्याकडे ‘वैमानिक शास्त्र’ हे विमानांवरचं संस्कृत पुस्तक प्राचीन म्हणून विकलं जातं आणि मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या कथित उड्डाणाशी जोडलं जातं. त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये ग्रंथ तपासला आणि तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असल्याचं, त्यातली यानं उडू शकणार नसल्याचं दाखवलं. इंग्रजी आवृत्ती १९७३ ची. संग्रहात ठेवावं, पण विसाव्या शतकाच्या कप्प्यात.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. कीड दिसली की पुस्तक हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये. आधी वाळवावी, मग तोंडाला मास्क लावून गच्चीत मऊ ब्रशने झटकावी. रंगीत अंतराळचित्रांच्या गुळगुळीत आर्ट पेपरला पाणी लागलं तर वाळण्याची वाट बघू नये. त्यावरचा चिकणमातीचा थर सुकताना पानं एकमेकांना कायमची चिकटवतो. पानं ओली असतानाच पिशवीत घालून गोठवावीत आणि पुढचं काम जाणकाराकडे सोपवावं.