आशियाई सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा

आशिया खंडातल्या देशांची रोड आणि ट्रॅक सायकलिंगची स्पर्धा. एशियन सायकलिंग कॉन्फेडरेशनच्या अधिपत्याखाली भरते. पहिली १९६३ ला क्वालालंपूरला झाली. एशियन गेम्समधलं सायकलिंग वेगळं, ते चार वर्षांनी एकदा असतं, बातम्यांमध्ये दोन्हीची हमखास सरमिसळ होते.

खरा गोंधळ आहे तो "कितवी स्पर्धा" याचा. २०१३ ची दिल्लीतली ३३ वी, म्हणजे पन्नास वर्षांत फक्त तेहेतीस, तेव्हा सुरुवातीला ती दरवर्षी होत नसणार, बहुधा वर्षाआड किंवा त्याहून जास्त अंतराने. पुढे वार्षिक झाली तरी हिशोब सरळ नाहीच, कारण २०२२ ची दिल्लीची ट्रॅक स्पर्धा ४१ वी. नऊ वर्षं पुढे गेलो आणि आकडा आठनेच वाढला. त्यातही गंमत अशी की "२०२०" नावाची ट्रॅक स्पर्धा प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१९ मध्येच दक्षिण कोरियात जिंचॉनला उरकली होती (टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेचं वेळापत्रक बघितलं तर ते समजतं), आणि त्याच वर्षी जानेवारीत जकार्ताला "२०१९" ची झालेली. म्हणजे एका कॅलेंडर वर्षात दोन, आणि मग कोरोनामुळे थेट २०२२. म्हणून कोण कधी चॅम्पियन होतं हे शोधताना स्पर्धेच्या नावातलं साल न धरता भरल्याची तारीख बघावी, ते जास्त भरवशाचं.

रोड आणि ट्रॅक आता एकत्र असतीलच असं नाही. २०१६ ला दोन्ही जपानमध्ये होत्या, २०१७ ला मात्र ट्रॅक दिल्लीत आणि रोड बहारीनला, २०१८ ला ट्रॅक मलेशियात निलाईला तर रोड म्यानमारमध्ये नेपिडोला. कारण साधं आहे, २५० मीटरचा लाकडी वेलोड्रोम (ट्रॅक शर्यतींची कडेला उंच होत जाणारी गोलाकार धावपट्टी) सगळ्यांकडे नसतो, रस्ता असतो.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे, बोरघाट आणि "घाटाचा राजा" एवढंच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे रोड रेस समजावून सांगायला नको. ट्रॅकचं प्रकरण वेगळं. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. स्प्रिंटमध्ये दोघंच असतात आणि पहिला पुढे जायला तयार नसतो, कारण मागच्याला त्याच्या आडोशाने वारा कमी लागतो. मग दोघं उतारावर पॅडलवर उभे राहून सायकल जवळजवळ जागेवर थांबवतात, पुढचा मान वळवून मागे बघत राहतो, आणि एकदा का कुणी बँकिंगवरून, म्हणजे ट्रॅकच्या त्या तिरक्या उतारावरून, खाली झेप घेतली की शेवटचे दोनशे मीटर दहा-अकरा सेकंदात संपतात. केरिन या दुसऱ्या ट्रॅक शर्यतीत सुरुवातीला पुढे धावणारा मोटरवाला पेसर वेग वाढवत नेतो, हा प्रकार मूळचा जपानी, १९४८ पासूनच्या तिथल्या बेटिंगच्या शर्यतींमधला.

ट्रॅकवर जपान, चीन, कोरिया, मलेशिया, हाँगकाँग यांचा दबदबा, रोडला कझाकस्तान तगडा.

भारताने २००५ ला लुधियानात आणि नंतर दिल्लीत यजमानपद घेतलं. पदकं बरीचशी ज्युनियर गटातली. जून २०२२ ला दिल्लीत मणिपूरच्या रोनाल्डो सिंग लैतोंजमने सिनियर स्प्रिंटमध्ये रौप्य मिळवलं, या प्रकारातलं भारताचं पहिलंच, फायनलला तो जपानच्या केंतो यामासाकीकडून हरला. त्याच स्पर्धेत एक किलोमीटर टाइम ट्रायलचं (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) ब्राँझही त्याचंच.